एक तोळा शिसं आणि डुकराची ढाल

मागच्या अंकात टेक्सासातल्या मोकाट डुकरांचा ओझरता उल्लेख केला आणि या महिन्याचं सगळं टपाल डुकरांनीच भरून आलं. नव्या वाचकांसाठी सांगतो. मी बंदुकांचा कारागीर. आधी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होतो, मग नाशकातल्या एका परवानाधारक दुकानात. मुलगी टेक्सासच्या डोंगराळ भागात राहते. तिच्याकडे गेलो की शेजारचा गुरं पाळणारा गडी मला संध्याकाळी त्याच्या रानात बसायला नेतो. हत्यारांबद्दल लिहितो ते हातातून गेलेल्या हत्यारांवरून, आणि डुकरांबद्दल लिहितो ते तिथे सोललेल्या डुकरांवरून.

प्रश्न : काका, मुलगा सॅन अँटोनियोजवळ नोकरीला आहे. त्याचा अमेरिकन मित्र त्याला वडिलांच्या रानात डुकरं मारायला बोलावतोय, तेही रायफलनं नाही, पिस्तुलानं. मित्राकडे एक ९ एमएम आणि एक १० एमएम अशी दोन पिस्तुलं आहेत, शिवाय एक .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर. "हत्यार माझं, काडतुसं तू आण," म्हणाला. दुकानात एकेका मापाची पंधरा-वीस तऱ्हेची खोकी. मुलगा मला विचारतो, मी कुणाला विचारू? आमच्या घरात लवंगी फटाक्यापलीकडे कुणी काही उडवलेलं नाही.
— एक वडील, गंगापूर रोड

उत्तर : खोकं विकत घ्यायच्या आधी त्याला थांबवा. मुलगा कुठल्या व्हिसावर आहे? नोकरीला आहे म्हणता, म्हणजे बहुधा एच-१बी. ग्रीन कार्ड असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

टेक्सासात १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, मोकाट डुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. मित्र हेच सांगेल आणि त्याच्यापुरतं ते खरंच आहे. पण अमेरिकेचा केंद्रीय कायदा वेगळा. एच-१बी, एफ-१, पर्यटक, अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. उसनी बंदूक हातात धरली तरी ते बाळगणंच. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच : तिथल्या एखाद्या राज्याचा चालू, मुदतीतला शिकारी परवाना. म्हणजे राज्य म्हणतं परवाना नको, आणि केंद्राच्या कायद्यातून सुटायला नेमका तोच हवा. मीही पाहुणा म्हणून जातो, तर आधी परवाना काढतो, मगच बंदुकीला हात लावतो. टेक्सासचं परवान्याचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट, तेव्हा जुना परवाना खिशात घालून सप्टेंबरात जाऊ नये. आणि ज्यांचा जन्म २ सप्टेंबर १९७१ चा किंवा त्यानंतरचा, त्यांना शिकारीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. घ्यावंच, चांगलं असतं. या बाबतीत गुन्हा दाखल झाला तर नोकरी आणि मुक्काम दोन्ही जाऊ शकतात. "काडतुसं तू आण" हे वाक्य म्हणूनच मला खटकलं.

आता काडतुसं.

रायफलची गोळी सेकंदाला अडीच-तीन हजार फुटांनी जाते. तिच्या धक्क्यानंच आजूबाजूचं मांस फाटतं. पिस्तुलाची गोळी हजार, बाराशे, फार तर चौदाशे फुटांनी. ती वाटेत जे येईल तेवढंच फाडते. बाजूचं मांस ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. म्हणून पिस्तुलाच्या शिकारीत हिशेब दोनच गोष्टींचा : भोक किती रुंद आणि किती खोल. त्यातही आधी खोल. हृदयापर्यंत न पोचलेली गोळी कितीही फुलली तरी काय उपयोग?

आणि डुकराच्या बाबतीत पोचणं सोपं नाही. वाढलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कुर्चेसारखा थर असतो. माजावर आलेले नर एकमेकांना सुळ्यांनी खांद्यावर मारतात, त्यापासून बचाव म्हणून तो वाढतो. तिकडचे लोक त्याला ढालच म्हणतात. जाडी इंचभर, थोराड नरात त्याहूनही जास्त. सोलताना धारेची सुरी त्यावरून सरकते, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. त्यावर राठ केस, केसांत वाळलेला चिखल. ढालीखाली खांद्याचं हाड. या सगळ्यातून गेल्यावर मग फुप्फुस आणि हृदय.

तेही आपल्याला वाटतं तिथे नसतं. बोकडाच्या अंदाजानं खांद्याच्या मागे, पोटाच्या मध्यावर नेम धरला तर गोळी यकृतात नाहीतर आतड्यात जाते, आणि डुक्कर रात्रभर झाडीत विव्हळत राहतं. डुकराचं हृदय पुढे आणि खाली असतं. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर जायचं आणि शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबायचं. सर्वांत चांगली संधी म्हणजे डुक्कर आपल्यापासून जरासं तिरकं, तोंड पलीकडे करून उभं असतं ती. मागून पुढे तिरकी गेलेली गोळी ढाल चुकवून छातीत शिरते. समोरून तोंड करून उभं असेल तर पिस्तूल खाली ठेवावं.

वजनाचं बघू. अमेरिकेत गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. खोक्यावर १२४, १५८, १८०, २०० असे आकडे दिसतील ते हेच. मुलाला सांगा, १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सराफ बाजारात जाऊन खात्री करून घ्या, तोळ्याची जुनी व्याख्याच ती आहे. पिस्तुलाच्या गोळीनं डुक्कर मारायचं तर एक तोळ्याच्या आसपास शिसं हवं, ही माझी कसोटी. थोडं कमी चालेल, जास्त असेल तर उत्तमच.

या कसोटीवर ९ एमएम बसत नाही. तिची नेहमीची गोळी ११५ ते १२४ ग्रेनची, म्हणजे पाऊण तोळाही नाही. तिनं डुक्कर मरत नाही असं कुणी म्हणणार नाही. पिंजऱ्यात अडकलेली डुकरं तर .२२ च्या इवल्याशा गोळीनंही मारतात, कानाजवळून. पण मोकळ्या रानात, अंधार पडताना, हलत्या डुकरावर ती नको. मित्राला म्हणावं, ९ एमएम घरीच ठेव.

१० एमएम चांगली. हे माप १९८३ साली आलं. तिच्यात १८० पासून २२० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात. २०० ग्रेनची कडक शिशाची, चपट्या नाकाची गोळी सेकंदाला बाराशे फुटांच्या आसपास निघते, आणि तेवढं या कामाला पुरतं. मात्र पिस्तूल ग्लॉकचं असेल तर एक पाहा. त्यांच्या मूळ नळीत उघड्या शिशाची गोळी वापरू नका असं खुद्द कंपनीच सांगते. त्या नळीतले आटे गोलसर वळणाचे असतात, शिसं साठत जातं आणि दाब वाढतो. अशा नळीला तांब्याचं कवच असलेली जड गोळी किंवा अख्ख्या तांब्याची गोळी द्यावी. दुसरं, पिस्तूल आपोआप भरणारं असल्यामुळे रुंद नाकाची गोळी कधीकधी चेंबरच्या तोंडाशी अडकते. निवडलेल्या खोक्यातल्या निदान दोन मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या दोन पेट्या, रेंजवर न अडकता उडाल्या पाहिजेत. रानात अडकली की मग देवाचं नाव घ्यायचं.

.३५७ मॅग्नम हे १९३५ सालचं माप, आणि तुमच्या मुलासारख्या नवख्याला मी तेच देईन. कारण गोळीपेक्षा यंत्रात आहे. रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्यानं मागे ओढला की चाप हलका आणि आखूड होतो. एक घोडा, एक नेम, एक गोळी. नवखा माणूस पिस्तुलानं घाबरून चार गोळ्या सोडतो, रिव्हॉल्व्हरनं तो थांबतो. गोळी १५८ ग्रेनची चालेल, १८० ची मिळाली तर आणखी बरी. कडक शिशाची चपट्या नाकाची, नाहीतर जाड कवचाची, टोकाला मऊ शिसं उघडं असलेली. नळी किती लांब आहे ते विचारा. सहा इंची असेल तर खोक्यावर छापलेला वेग साधारण मिळेल. दोन इंची नळीतून तीच गोळी बरीच मंदावते आणि दारूचा अर्धा भडका नळीबाहेर पेटतो. दोन इंचीनं कान फुटतील, डुक्कर पडेलच असं नाही.

याच रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलची, कमी जोराची काडतुसंही बसतात. सरावाला स्वस्त पडतात म्हणून मित्राच्या पेटीत असतीलच. सरावाला वापरा, पण निघताना खिसे तपासा. काडतुसांच्या चक्रात एक जरी .३८ राहिली तरी नेमकी तीच डुकरासमोर येते. रिव्हॉल्व्हर अगदी हलक्या धातूचं असेल तर आणखी एक होतं. धक्क्यानं उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र फिरेनासं होतं. पाच उडवून सहावं बाहेर काढा, त्याची लांबी न उडवलेल्या काडतुसाशी ताडून पाहा.

.४४ मॅग्नमचं तुम्ही विचारलं नाही, तरी नाव निघेलच. २४० ग्रेनची गोळी सेकंदाला साडेतेराशे फुटांनी, जोर .३५७ च्या जवळजवळ पावणेदोनपट. डुकरासाठी फार छान. नवख्या मनगटासाठी फार वाईट. दुसऱ्या गोळीपासून माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो आणि ती सवय मोडायला वर्ष जातं.

राहिलं अंतर. मुलानं सहा इंचांची कागदी ताटली टांगावी, मिसळीबरोबर पाव देतात तेवढीच. ज्या अंतरावरून, ज्या बैठकीत सगळ्या गोळ्या ताटलीत बसतात, ते त्याचं अंतर. दुर्बीण न लावता, नळीवरच्या उघड्या माशीनं नेम धरून नवख्याचं ते पंधरा-वीस मीटर निघेल. डुक्कर तीस मीटरवर असेल तर ते त्याचं नाही. आणि खरं सांगू? पहिलं डुक्कर त्यानं मित्राच्या रायफलनंच मारावं. पिस्तूल पुढच्या हिवाळ्यात.

कानांवर मफ पाहिजेच पाहिजे. मॅग्नमच्या एका आवाजानं कान कायमचा अधू होऊ शकतो.

प्रश्न : सर, मी सिन्नरला एअर पिस्टल शूटिंग करतो. होलो पॉइंट गोळी शरीरात फुलते, जास्त नुकसान करते, म्हणून पोलीसही वापरतात असं व्हिडिओत पाहिलं. मग डुकरासाठी तीच सगळ्यात चांगली नाही का?
— वय १९, सिन्नर

उत्तर : बाळा, व्हिडिओतली माहिती खरी आहे, पण ती माणसासाठीची आहे.

११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे लोक आणि दोन बँक दरोडेखोर यांच्यात गोळीबार झाला. एका दरोडेखोराला ९ एमएमची पोकळ टोकाची, म्हणजे तू म्हणतोस ती होलो पॉइंट, गोळी दंडातून छातीत लागली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतर तो लढत राहिला आणि एफबीआयची माणसं गेली. मग त्यांनी परीक्षा ठरवली : जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच गेली पाहिजे, आणि १८ च्या पुढे जाऊ नये, म्हणजे मागच्या निरपराध माणसाला लागणार नाही. आजच्या स्वसंरक्षणाच्या पोकळ टोकाच्या गोळ्या या मापात बसवलेल्या असतात. फुलायचं आणि थांबायचं, हे त्यांचं काम.

आडव्या उभ्या असलेल्या नव्वद-शंभर किलोच्या नराची ढाल, हाड, मग छाती असा प्रवास धर. तिथे फुलून लवकर थांबणारी गोळी म्हणजे उघडलेली छत्री घेऊन उसात शिरण्यासारखं आहे. .४४ सारख्या जड मापात शिकारीसाठी खास बनवलेल्या पोकळ टोकाच्या गोळ्या असतात, त्या चालतात. त्यांची भिंत जाड असते, त्या सावकाश फुलतात. ९ एमएमच्या स्वसंरक्षणाच्या खोक्यातली नव्हे.

कडक शिशाची गोळी मुळीच फुलत नाही. तिचं नाक चपटं असतं, त्यामुळे निमुळत्या गोळीपेक्षा भोक रुंद पडतं. गोल नाकाची घेऊ नकोस, ती मांस बाजूला सारून निसटून जाते. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळली की ते कडक होतं. हाच मिश्रधातू जुन्या छापखान्यात खिळे पाडायला वापरत. आपलं हे मासिक ज्या काळात हातानं जुळवलं जायचं, तेव्हा अख्खा लेख म्हणजे काही किलो कडक शिसंच. अमेरिकेत मोडीत निघालेल्या छापखान्यांचे खिळे वितळवून गोळ्या ओतणारे लोक मी पाहिलेत. कारागीर म्हणून बरं वाटलं, वाचक म्हणून जरा वाईट.

कडक गोळीचा तोटाही ऐक. ती थांबत नाही. डुकराच्या आरपार जाऊन मागच्या डुकराला लागते, मागे डुक्कर नसेल तर कुठवर जाईल सांगता येत नाही. डुकरं कळपानं असतात. मागे पिलं आहेत का, मागे मातीचा उंचवटा आहे का, हे आधी पाहायचं. मचाणावरून खाली मारताना मागे जमीनच असते, म्हणून मचाण बरं.

तिसरा प्रकार अख्ख्या तांब्याच्या गोळीचा. ती फुलते, पण तुकडे होत नाहीत, खोलही जाते. महाग असते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, त्यामुळे तिथे तांब्याला पर्याय नाही. मेलेल्या जनावरातलं शिसं गिधाडांच्या पोटात जातं, हे कारण.

आणि तू एअर पिस्टलवालाच राहा. दहा मीटरवर चाप दाबायचा संयम ज्याला आला त्याला बाकीचं शिकवायला आठवडा पुरतो.

प्रश्न : वराह हा विष्णूचा अवतार. एका घरगुती मासिकात डुकरं कशी मारायची हे छापता, लाज वाटत नाही का? बिचाऱ्या प्राण्यानं तुमचं काय केलं?
— पंचवटी

उत्तर : आजी (अक्षरावरून आजीच वाटता), माझं काही केलं नाही. शेजारच्या गड्याचं केलंय. पेरलेला मका एका रात्रीत ओळीनं उकरून खाल्लेला मी पाहिलाय, बी सुद्धा ठेवत नाहीत.

अमेरिकेत डुक्कर मुळात नव्हतंच. १५३९ साली दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तो डुकरांचा कळप घेऊन. पुढे वसाहतींतली डुकरं सुटत गेली. १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात शिकारीच्या हौसेसाठी युरोपातली रानडुकरं आणली, तीही कुंपण तोडून गेली. दोन्हींची सरमिसळ झाली. आज तिथल्या कृषी खात्याचा अंदाज साठ लाखांच्या घरात आहे, पस्तीस राज्यांत. त्यांना खाणारा मोठा प्राणी फारसा उरला नाही आणि मादी वर्षाला दोनदा विते.

तरी तुमचा मुद्दा मी एका बाजूनं मान्य करतो. पिस्तुलानं एकेक मारून ही संख्या घटत नाही. मिझुरी राज्याच्या खात्यानं तर आपल्या जमिनींवर डुकराच्या शिकारीला बंदीच घातली. गोळी वाजली की कळप फुटतो, चार दिशांना पसरतो आणि चार नवे कळप होतात. अख्खा कळप एकदम मोठ्या पिंजऱ्यात धरणं हाच खरा उपाय, असं ते म्हणतात. माझ्या गड्याकडेही तसा पिंजरा आहे, आणि त्याचं निम्मं काम तो पिंजराच करतो. संध्याकाळची बंदूक ही त्याची हौस आहे. माझीही. ते लपवत नाही.

प्रश्न : पेठ तालुक्यात शेती आहे. नागली, भुईमूग, थोडा मका. रानडुकरं रात्रीतून वावर नांगरून जातात. माझ्याकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावर कानपूरचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. एका गोळीत डुक्कर जागेवर पडेल असं कोणतं काडतूस घेऊ? तुम्ही अमेरिकेचं एवढं सांगता तर आमचंही सांगा.
— शेतकरी, पेठ

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र सर्वांत कामाचं. उत्तर मात्र तुम्हाला आवडणारं नाही : असं काडतूस नाही.

तुमच्या रिव्हॉल्व्हरचं माप १८९६ सालचं आहे. गोळी ९८ ग्रेनची, अर्ध्या तोळ्याहून जेमतेम जास्त. वेग सेकंदाला सातशे फुटांच्या आसपास. वर .४४ मॅग्नमचं लिहिलंय, तिचा जोर याच्या जवळजवळ नऊपट. बत्तीसची गोळी मऊ शिशाची, गोल नाकाची, म्हणजे डुकराला जे नको ते सगळं तिच्यात आहे. हाताच्या अंतरावरच्या माणसाला रोखायला ते हत्यार केलेलं आहे. खांद्यावर मारलीत तर ढालीतच रुतून बसेल. मग जखमी नर, रात्रीची वेळ, हातात बॅटरी आणि तुमच्या दोन्ही मांड्या त्याच्या सुळ्यांच्या उंचीवर. दुकानात असताना असं रिव्हॉल्व्हर दाखवून "डुकराला चालेल ना?" विचारणारे बरेच यायचे. मी त्यांना चहा पाजून परत पाठवायचो.

दुसरं कायद्याचं. अमेरिकेतलं डुक्कर बाहेरून आलेलं, म्हणून तिथे मोकळीक. आपलं रानडुक्कर इथलंच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये त्याला संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची दोनमध्ये आहे. विनापरवानगी मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काही राज्यांत केंद्रानं ठरावीक मुदतीसाठी रानडुकराला उपद्रवी जाहीर केलं होतं, बिहारात २०१५ मध्ये, उत्तराखंडात २०१६ मध्ये. त्याच्या बातम्या फिरत असतात आणि लोकांना वाटतं सगळीकडे सूट मिळाली. तसं नाही.

पण दार पूर्ण बंदही नाही. याच कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराच्या शिकारीला लेखी परवानगी देता येते. आपल्याकडे त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. गावातल्या दोघा-तिघांनी मिळून केला तर बरं. परवानगी मिळाली तर त्यातली प्रत्येक अट वाचा. मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं होतं, घरी नेता येत नाही. आणि स्वसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, दोन कागद वेगळे.

हत्याराचंच म्हणाल तर शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी कुठल्या बंदुकीचा परवाना द्यायचा ते नाव घेऊन लिहिलंय : ठासणीची बंदूक. तुमच्या आज्याकडे बहुतेक असेल. आवाज मोठा, धूर मोठा, डुकरं पळतात. राखणीत निम्मं काम आवाजाचंच.

परवानगीची वाट पाहताना नुकसानभरपाईचा अर्ज थांबवू नका. वावर तुडवलं त्याच सकाळी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. उकरलेली माती सारखी करून मग कुणाला बोलावलंत तर पंच काय लिहिणार? वनालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत करा. सौर कुंपण ठोके देतं, मारत नाही. खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा, डुक्कर नाक खाली घालून येतं, उंच तारेखालून ते सरळ शिरतं. आणि गवत तारेला टेकू देऊ नका, पावसाळ्यात आठवड्याला कापावं लागतं. लोक कुंपण घालतात, गवत कापत नाहीत, मग कुंपणाला शिव्या देतात.

मोटारीच्या लाइनवरून तार ओढू नका. तिला आधी शेजारचा माणूस चिकटतो. गावठी बॉम्बही नको, तुमचीच गाय तो चावेल.

प्रश्न : जावई डॅलसला असतात. त्यांनी मित्राबरोबर मारलेल्या डुकराचं मांस घरी आणलं आणि लेक म्हणते, आई तू आलीस की तुझ्या हातचं झणझणीत कर. मी मटण करते, हे कधी केलेलं नाही. करावं का? बाधेल का?
— नाशिक रोड

उत्तर : ताई, करा, पण जावईबापूंना विचारा, साफ करताना हातमोजे घातले होते का? मोकाट डुकरांत ब्रुसेलोसिस असतो, तो रक्तातून, हातावरच्या बारीक जखमेतून माणसाला होतो. ताप येतो-जातो आणि महिनोन्महिने पाठ सोडत नाही. पुढच्या वेळी रबरी हातमोजे, आणि शक्य तर डोळ्यांवर चष्मा. मांस कापलेली पाटी आणि सुरी कोशिंबिरीच्या काकडीला लावायची नाही.

या मांसात ट्रायकिनेला नावाचे बारीक जंतही असू शकतात. फ्रीझरमध्ये ठेवल्यानं वन्य जनावरातले सगळे जंत मरतात यावर विसंबू नका. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला पोचलं पाहिजे. तिथल्या घरात मांसात खुपसायचा थर्मामीटर असतो, तो वापरा. आपल्या पद्धतीनं कुकरमध्ये शिजवलंत तर हा प्रश्नच उरत नाही, तिकडच्या लोकांसारखं आतून गुलाबी ठेवायचं नाही एवढंच.

गोळी लागली त्या जागेभोवतीचं वीतभर मांस टाकून द्या, शिशाचे कण दूरवर गेलेले असतात. घरात लहान मूल किंवा कुणी गरोदर असेल तर जरा जास्तच टाका. मादीचं किंवा लहान डुकराचं असेल तर मटणासारखंच करा. मोठ्या नराचं असेल तर उग्र वास येतो. मी दही, आलं-लसूण लावून रात्रभर ठेवतो, काळा मसाला नेहमीपेक्षा चमचाभर जास्त घालतो आणि कुकरच्या दोन शिट्ट्या वाढवतो. ढालीकडचं मांस मात्र घेऊच नका. चार तास शिजवलं तरी ते चपलेसारखंच राहतं, कुत्र्यालासुद्धा जात नाही.